लोअर क्विंटनचा खून: आधी प्रेत, चेटूक नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडच्या वॉरिकशायरमध्ये १९४५ साली चार्ल्स वॉल्टन नावाच्या म्हाताऱ्या शेतमजुराचा खून झाला. तो चेटकाच्या विधीतला बळी होता, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. छातीवर कोरलेला क्रॉस, टेकडीवरचा काळा कुत्रा, पीक यावं म्हणून जमिनीत मुरवलेलं रक्त. या प्रकरणावर तुम्हाला मराठीत रहस्यकथा लिहायची आहे आणि त्याआधी शवविच्छेदन करणाऱ्या माणसाला यात काय दिसतं ते हवंय. मी निवृत्त होईपर्यंत न्यायवैद्यक विभागातच काम केलं आणि हे प्रकरण मिळेल तिथून वाचत आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर सांगते. प्रेतावर विधीची म्हणावी अशी एकही खूण मला दिसत नाही. राग दिसतो, झटापट दिसते, घाई दिसते. चेटकाची गोष्ट त्या प्रेताला नंतर चिकटली आणि कोणी, कधी चिकटवली हे बऱ्याच अंशी तारखांसकट सांगता येतं.

घटना अशी. लोअर क्विंटन हे स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनपासून दहाएक किलोमीटरवरचं छोटं गाव. गावाच्या पाठीशी मीऑन हिल ही टेकडी. चार्ल्स वॉल्टन ७४ वर्षांचा होता, जन्म तिथलाच, आयुष्य शेतावर राबण्यात गेलेलं. बायको १९२७ मध्ये वारली होती. संधिवाताने पाय धरलेले, काठी घेऊन चालायचा, तरी थंडीच्या दिवसांत जमेल तितकं काम करत होता. घरात तो आणि त्याची पुतणी ईडिथ, दोघंच. १४ फेब्रुवारीच्या सकाळी तो गवत उचलायचं दोन दात्यांचं दाताळं आणि झुडपांचं कुंपण छाटायचा कोयता घेऊन निघाला. नऊ ते साडेनऊच्या दरम्यान चर्चच्या आवारातून जाताना लोकांनी त्याला पाहिलं. आल्फ्रेड पॉटर नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात, टेकडीच्या उतारावर, तो झुडपांचं जिवंत कुंपण तासत होता. आपल्याकडे कोकणात जिला वई म्हणतात, तसलीच ती कुंपणाची रांग.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ईडिथ कामावरून परतली तर काका घरी नाही. ती शेजारच्या हॅरी बीझलीला घेऊन पॉटरकडे गेली आणि तिघं शेतात शोधायला निघाले. वईच्या कडेला म्हातारा पडलेला सापडला. डोक्यात त्याच्याच काठीचे घाव होते. गळा त्याच्याच कोयत्याने कापला होता आणि कोयता तिथेच रुतलेला होता. दाताळ्याचे दोन दाते मानेच्या दोन बाजूंनी जमिनीत घुसवले होते आणि त्याचा दांडा वईच्या आडव्या फांदीखाली अडकवलेला होता. बीझलीने ईडिथला पुढे येऊ दिलं नाही.

गावचा पोलीस सातच्या पुढे पोहोचला. बर्मिंगहॅमच्या न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेचे प्रोफेसर जेम्स वेबस्टर रात्री साडेअकराला आले आणि दीडच्या सुमारास प्रेत हलवलं गेलं. कथेत हे तुम्ही जरूर घ्या, कारण आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग इथेच असतो. फेब्रुवारीची थंडी, ओली जमीन, वर उघडं आकाश, युद्धामुळे दिव्यांवर बंधनं आणि हातात कंदील किंवा टॉर्च. त्यात मृत्यूला काही तास होऊन गेलेले. वेबस्टरांनी मृत्यूची वेळ दुपारी एक ते दोनच्या दरम्यान धरली. असा अंदाज प्रेताचं तापमान, ताठरपणा आणि पोटातलं अन्न एकत्र पाहून बांधतात. उघड्यावर पडलेल्या, अंगाने बारीक, म्हाताऱ्या माणसाचं शरीर झपाट्याने निवतं, त्यामुळे तासाभराची चौकटसुद्धा मी सैलच मानेन. पुढे साक्षीदारांनी सांगितलेल्या वेळा ताडून पाहताना हे विसरायचं नाही.

आता जखमांकडे या. मला बोलायचंय ते मुख्यतः यांच्याबद्दलच.

पहिली गोष्ट, म्हाताऱ्याच्या हातांवर बचावाच्या जखमा होत्या. घाव येताना माणूस आपसूक हात आडवे धरतो. बोटांवर, तळहातावर, मनगटाच्या बाहेरच्या अंगाला काप किंवा मुका मार बसतो. अशा जखमा दिसल्या की समोरचा माणूस जागा होता, घाव येताना त्याला दिसत होता आणि त्याने प्रतिकार केला, एवढं नक्की म्हणता येतं. त्याच्या बरगड्याही मोडल्या होत्या. बांधून, झोपवून, मंत्र म्हणत दिलेल्या बळीचं हे चित्र नाही. हे चित्र अंगावर धावून गेलेल्या माणसाचं आणि त्याला अडवू पाहणाऱ्या म्हाताऱ्याचं आहे.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काठी, कोयता, दाताळं ही तिन्ही हत्यारं मयताची होती. मारणारा रिकाम्या हाताने आला होता. विधी म्हटला की आधी तयारी आली, ठरवलेली वेळ आली, ठरवलेलं हत्यार आलं. इथे हाताला लागेल ते उचललेलं दिसतं. पंचनामे वाचण्यात हयात गेली की एक ठोकताळा बसून जातो: जागेवरचीच वस्तू वापरून झालेला खून बहुतेक वेळा भांडणातून झालेला असतो. आधी शब्द, मग धक्काबुक्की, मग काठी. काठीचा घाव बसल्यावर मागे फिरायची वाट राहिली नाही असं मारणाऱ्याला वाटलं की पुढचं सगळं भराभर होतं.

तिसरी गोष्ट दाताळ्याची. यावरच सगळ्या कहाण्या उभ्या आहेत: चेटक्याने पुन्हा उठू नये म्हणून त्याला जमिनीला खिळायचं. पण दाते मानेतून आरपार गेले नव्हते, मानेच्या दोन्ही अंगांना होते. गळा कापलेला माणूस लगेच निश्चल होत नाही. श्वासनलिका उघडी पडलेली असते, घरघर येते, हातपाय झाडले जातात, मान हलते. ज्याने आयुष्यात हे कधी पाहिलेलं नाही तो घाबरून जातो आणि ते थांबवायला बघतो. डोकं जमिनीला दाबून धरायचं, वर दांडा फांदीखाली अडकवायचा म्हणजे हात मोकळे होतात, हे शेतावरच्या माणसाला सुचणं मला अगदी साहजिक वाटतं. हा माझा कयास आहे, वेबस्टरांनी असं लिहिलेलं नाही. तरी जुन्या देवांच्या पूजेपेक्षा हे स्पष्टीकरण जखमांना अधिक धरून आहे.

चौथी गोष्ट, म्हाताऱ्याचे कपडे अस्ताव्यस्त होते, सदरा आणि विजार उघडी पडली होती आणि त्याचं पत्र्याचं खिशातलं घड्याळ नाहीसं झालं होतं. म्हणजे कोणीतरी त्याचं अंग चाचपलं असणार. वॉल्टन कंबरेला पैसे बांधून हिंडतो अशी गावात बोलवा होती. पैसे, कागद की आणखी काही, काय शोधलं ते कळायला मार्ग नाही. पण बळी दिलेल्या माणसाचे खिसे कोणी तपासत नाही.

आणि छातीवर कोरलेला क्रॉस? वेबस्टरांच्या अहवालात तो नाही. त्यांनी जखमा एकेक करून नोंदवल्या आहेत, अशा माणसाच्या नजरेतून छातीवरचा क्रॉस सुटणं शक्य नाही. तो नंतरच्या लेखकांनी कोरला. रक्त जमिनीत मुरवल्याचंही तेच. मोकळ्या शेतात गळा कापला तर रक्त जमिनीतच जाणार.

मग चेटूक आलं कुठून? इथे तारखा क्रमाने लावून वाचा. हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत असे: प्रत्येक तपशिलापुढे तो पहिल्यांदा कधी नोंदला गेला ते लिहायचं.

स्कॉटलंड यार्डचे चीफ इन्स्पेक्टर रॉबर्ट फेबियन हे त्या काळचे नावाजलेले तपास अधिकारी, खुनानंतर दोनच दिवसांत क्विंटनला आले. वॉरिकशायर पोलिसांचे सुपरिंटेंडेंट अ‍ॅलेक स्पूनर यांनी त्यांना स्थानिक लोककथांचं एक जुनं पुस्तक दाखवलं. हार्वी ब्लूम नावाच्या पाद्र्याने लिहिलेलं, १९२९-३०च्या सुमाराचं. त्यात चार्ल्स वॉल्टन नावाच्या नांगरणाऱ्या पोराची कथा होती. त्याला रात्रीमागून रात्री काळा कुत्रा दिसला, शेवटच्या रात्री त्या कुत्र्यासोबत मुंडकं नसलेली बाई दिसली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीच्या मृत्यूची बातमी आली. नाव तेच. पण पुस्तकातलं पोर अल्व्हेस्टनचं, तेही स्ट्रॅटफर्डच्या पलीकडचं गाव. तो आणि खून झालेला म्हातारा एकच, याला नावाच्या सारखेपणापलीकडे आधार नाही. त्या भागात चार्ल्सही पुष्कळ आणि वॉल्टनही.

याच वेळी लाँग कॉम्प्टनची आठवण निघाली आणि हे प्रकरण मात्र पूर्ण खरं आहे. १५ सप्टेंबर १८७५ रोजी, क्विंटनपासून फार दूर नसलेल्या त्या गावात जेम्स हेवूड नावाच्या मजुराने अ‍ॅन टेनंट या ऐंशीच्या घरातल्या म्हातारीला दाताळ्याने भोसकलं. ती पाव आणायला निघाली होती. त्याच रात्री ती गेली. हेवूडची पक्की समजूत होती की ती चेटकीण आहे आणि गावात तिच्यासारख्या आणखी आहेत. कोर्टात तो वेडसर ठरला आणि त्याला ब्रॉडमूरच्या कोठडीवजा इस्पितळात पाठवलं, तिथेच तो मेला.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. हेवूडने दिवसाढवळ्या, रस्त्यात, लोकांसमोर हल्ला केला आणि का केला ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं, उरलेल्या चेटकिणींनाही संपवीन म्हणाला. करणी केली, मूठ मारली या संशयावरून आपल्याकडे झालेल्या खुनांची प्रेतं माझ्याकडेही आली. त्यांतही बहुधा हेच असे: घरात कोणी आजारी, कोणाचं मूल गेलेलं, गुरं दगावलेली, आणि मारणाऱ्याला आपण गावाचं भलं केलं असं मनापासून वाटत असे. कित्येकदा तो स्वतःच पोलिसांसमोर उभा राहायचा. क्विंटनमध्ये याच्या उलट आहे. कोणी पाहिलं नाही, कोणी पुढे आलं नाही, खिसे चाचपले गेले आणि मारणारा आजवर गप्प राहिला. श्रद्धेपोटी मारणाऱ्याची ही वागणूक नव्हे.

फेबियन यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण कहाणीला वजन आलं ते त्यांच्या नावामुळे. त्यांचा सरकारी अहवाल लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे आणि त्यात चेटकाचा विषय नाही. त्यात आहे पॉटरच्या जबानीची चिरफाड. पॉटरने सांगितलं की आपण दुपारपर्यंत कॉलेज आर्म्स या पबमध्ये होतो, मग शेतावर गेलो, दुरून वॉल्टन काम करताना दिसला, पण चरात पडलेल्या कालवडीचं काम होतं म्हणून त्याच्याकडे गेलो नाही. त्याच्या वेळा एका जबानीतून दुसऱ्या जबानीत सरकत राहिल्या. प्रेत सापडलं तेव्हा हत्याराला आपला हात लागला, असंही तो म्हणाला. म्हणजे ठसे मिळाले तरी त्यांचं कारण तयार. फेबियनना त्याचा संशय होता, पण संशयापलीकडे हातात काही आलं नाही. पॉटरवर कधी आरोप ठेवला गेला नाही आणि मीही तो ठेवणार नाही. जबानीत खोटं बोलायला खुनाशिवाय शंभर कारणं असतात.

मग १९५० साली फेबियन यांच्या आठवणी छापून आल्या. त्यांत मीऑन हिलच्या उतारावरून काळा कुत्रा धावत गेला, मागून आलेल्या पोराला त्याबद्दल विचारलं तर ते भेदरून पळालं, असा प्रसंग आहे. १९७०च्या पुस्तकात तर वॉल्टनचा मृत्यू हा जुन्या मूर्तिपूजक विधीचाच कळस होता, असं त्यांनी सरळ लिहिलं. एकाच माणसाची ही दोन विधानं. एक त्या आठवड्यांत, वरिष्ठांना उत्तर द्यायचं असताना केलेलं. दुसरं पाच ते पंचवीस वर्षांनी, वाचकांसाठी. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, पण पुरावा म्हणून मी पहिलंच विधान धरते.

त्याच १९५० साली मार्गारेट मरे क्विंटनला जाऊन आल्या आणि हा विधीच असावा असं वर्तमानपत्राला म्हणाल्या. मरे मोठ्या विदुषी, इजिप्तच्या पुरातत्त्वातलं त्यांचं काम भरीव आहे. पण युरोपात ख्रिस्तपूर्व चेटूकपंथ गुप्तपणे टिकून होता हा त्यांचा १९२१चा सिद्धान्त इतिहासकारांनी पुढे साफ नाकारला. त्यांनी जवळच्याच वूस्टरशायरमधल्या हॅगली वुडच्या प्रकरणालाही असाच रंग दिला होता. तिथे एप्रिल १९४३ मध्ये पोरांना एका पोकळ झाडात बाईचा सांगाडा मिळाला होता आणि हाताची हाडं थोड्या अंतरावर सापडली होती. त्यावर हात कापून केलेल्या जादूची कथा रचली गेली. तो सांगाडाही वेबस्टरांनीच तपासला होता. उघड्यावर पडलेल्या प्रेताचे हात जनावरं पहिल्यांदा ओढून नेतात, हे जंगलातलं प्रेत एकदा पाहिलेल्या कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं.

तारखेचा मुद्दाही पुष्कळांनी मांडलाय. १४ फेब्रुवारी म्हणजे व्हॅलेंटाइनचा दिवस, त्या वर्षी नेमका अ‍ॅश वेन्सडेही, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवसही, त्याच दिवशी आला होता, शिवाय जुन्या पंचांगाने मोजलं तर प्राचीन सणाच्या आसपास पोहोचतो, वगैरे. वर्षातला कुठलाही दिवस घ्या, इतकी पंचांगं हाताशी असली की त्याच्यावर काही ना काही निघतंच. वॉल्टन त्या दिवशी तिथे होता, कारण वई छाटायची ती थंडीत, पालवी फुटायच्या आधी.

गावाच्या मौनाबद्दल फेबियननी लिहिलंय: दारं बंद व्हायची, माणसं नजर चुकवायची. हे मला पटतं, पण त्यामागे गूढ असण्याची गरज वाटत नाही. युद्धाचं सहावं वर्ष, सगळं रेशनवर. ससे मारणं, अंडी-लोणी परस्पर विकणं, घरोघरी काहीतरी लपवण्यासारखं. जवळच लाँग मार्स्टनला इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती, पहिला संशय तिकडे गेला आणि हात रक्ताळलेला एक कैदी सापडलाही. निघाला सशांची चोरटी शिकार करणारा. शिवाय गावातली निम्मी माणसं कोणा ना कोणा शेतमालकाकडे कामाला. लंडनहून आलेला साहेब पंधरा दिवसांत परत जाणार, मालक मात्र इथेच राहणार. अशा वेळी मजूर तोंड उघडत नाही. हे मी आपल्या खेड्यांतही पाहिलंय.

२० मार्च १९४५ रोजी स्ट्रॅटफर्डला कोरोनरपुढे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, चौकशी झाली. मुंबईत कोरोनर होता तेव्हा आम्हीही अशा चौकशीत साक्षी दिल्या आहेत, ती पद्धत तिथूनच आलेली. निकाल: अज्ञात व्यक्तीने केलेला खून. स्पूनर पुढेही वर्षानुवर्षं त्या तारखेला क्विंटनला जात राहिले. १९६० मध्ये वॉल्टनच्या घरामागच्या बागेत ते पत्र्याचं घड्याळ मिळालं. पोलिसांनी तेव्हा शोधाशोध केलेली असूनही ते सुटलं की नंतर कोणी आणून टाकलं, की म्हाताऱ्याने त्या दिवशी नेलंच नव्हतं, यातलं काहीही शक्य आहे. पंधरा वर्षं मातीत राहिलेल्या घड्याळावर ठसा मिळत नाही.

आता तुमच्या कथेबद्दल. भूतबाधेचं वातावरण जरूर वापरा, ते त्या मातीतलं आहे. मीऑन हिल ही सैतानाने फेकलेल्या ढेकळाची झाली अशी तिथे दंतकथाच आहे, वर लोहयुगातल्या किल्ल्याचे बांध आहेत आणि काळ्या कुत्र्याच्या गोष्टी इंग्लंडच्या खेड्याखेड्यांत सांगितल्या जातात. कायद्याच्या अंगाने पाहिलं तरी १७३५चा चेटूक कायदा तेव्हा पुस्तकात होता, १९५१ साली रद्द झाला. १९४४ मध्ये मेलेल्यांशी बोलते असं सांगणाऱ्या हेलन डंकन या बाईला त्याच कायद्याखाली शिक्षा झाली होती. तुमच्या पोलिसाच्या तोंडी हे संवाद सहज येतील.

मात्र दोन गोष्टी पाळा. खरी नावं वापरू नका. पॉटर दोषी ठरलेला माणूस नाही आणि वॉल्टनला चेटक्या ठरवणाऱ्यांनी, तो बेडूक पाळायचा, पक्ष्यांशी बोलायचा असल्या गोष्टी पसरवून, त्याच्यावर पुरेसा अन्याय केला आहे. बागेत किडे खाणारे बेडूक आणि पक्ष्यांना हाक मारणारा एकटा म्हातारा, यात चेटूक कुठे आलं? दुसरं, अफवेचा फायदा कोणाला झाला हे तुमच्या तपास अधिकाऱ्याला विचारू द्या. गावात कुजबुज सुरू झाली की खरा गुन्हेगार तिच्यात भर घालतो: एखादा कुत्रा दिसल्याचं सांगतो, एखादी जुनी कथा आठवतो. माझ्या मते रहस्यकथेचा धागा तिथे आहे आणि भुताला हात न लावता तो शेवटपर्यंत ओढता येतो. शवविच्छेदनाचा प्रसंग लिहून झाला की पाठवा. जखमांचा क्रम आणि वेळांचा मेळ तपासून देईन. विशेषतः बचावाच्या जखमा कुठल्या हातावर आणि हल्ला कुठल्या बाजूने, हे लिहिताना भल्याभल्यांचं उलटसुलट होतं.